खंदक (महाराष्ट्रातील भुईकोट व गढी)

खंदक म्हणजे किल्ला, गढी, वाडा किंवा नगर यांच्या तटाबाहेर संरक्षणासाठी खोदलेला रुंद व खोल चर होय. खंदकात पाणी असल्यास त्यास पाण्याचा खंदक आणि नसल्यास कोरडा खंदक असे म्हणतात. महाराष्ट्रात खंदक प्रामुख्याने सपाटीवरील भुईकोट किल्ल्यांभोवती आढळतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), चाकण, सोलापूर, परांडा, नळदुर्ग, कंधार, औसा, उदगीर व मालेगाव ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. पाटील, देशमुख व जहागीरदार यांच्या काही गढ्यांनाही लहान खंदक असत. मात्र ते आज फार थोड्या ठिकाणी ओळखू येतात.

डोंगरी किल्ल्यांच्या तुलनेत भुईकोटांकडे अभ्यासकांचे आणि पर्यटकांचे लक्ष कमी गेले आहे. भुईकोटातही बुरूज आणि दरवाजे पाहिले जातात, खंदक सहसा पाहिला जात नाही. प्रत्यक्षात किल्ल्याच्या बांधकामाची सुरुवात बहुधा खंदकापासूनच होत असे आणि किल्ला नष्ट होऊ लागला की सर्वांत आधी खंदकच बुजतो.

शब्द आणि प्राचीन उल्लेख

‘खंदक’ हा शब्द मराठीत फारसी-अरबीतून आला. त्याचे मूळ ‘खोदलेले’ या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दात आहे. इस्लामच्या इतिहासात इ.स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खणलेल्या चराच्या संदर्भात हा शब्द प्रसिद्ध आहे. संस्कृतमध्ये यासाठी ‘परिखा’ हा शब्द आहे. सैनिकांनी लपण्यासाठी खोदलेल्या चरांनाही मराठीत खंदक म्हणतात. तो अर्थ वेगळा असून येथे अभिप्रेत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गाभोवती तीन परिखा खोदाव्यात असे सांगितले आहे. त्यांची रुंदी अनुक्रमे १४, १२ व १० दंड असावी, दोन परिखांमध्ये एक दंडाचे अंतर असावे, बाजू दगडाने किंवा विटांनी बांधून काढाव्यात आणि त्यांत कमळे व मगरी असाव्यात, असे हे वर्णन आहे. परिखेतून निघालेल्या मातीचाच वप्र, म्हणजे तटाखालचा भराव, करावा ही सूचना त्यात सर्वांत व्यवहार्य म्हणावी लागेल. खंदक आणि तट ही दोन स्वतंत्र कामे नसून एकाच खोदकामाच्या दोन बाजू आहेत, हे तत्त्व पुढील दोन हजार वर्षे टिकून राहिले. मगरींच्या कथा आज अनेक किल्ल्यांवर सांगितल्या जातात. त्यांतील बऱ्याच कथांमागे ग्रंथातील हा आदर्श असावा, प्रत्यक्ष मगरी नव्हेत.

रचना

दख्खनमधील भुईकोटाची रचना बाहेरून आत पाहिल्यास साधारणतः अशी दिसते: मोकळे मैदान, खंदक, बाहेरचा ठेंगणा तट म्हणजे पडकोट, त्यामागची अरुंद मोकळी पट्टी अर्थात रेवणी, आणि मग उंच मुख्य तट. खंदकाची बाहेरील बाजूही अनेक ठिकाणी दगडाने बांधलेली असते. प्रवेशद्वारासमोर खंदकावर लाकडी पूल असे आणि प्रसंगी तो काढून घेता येत असे. दरवाजासमोर आडवी भिंत घालून वाट वळवलेली असल्याने पूल ओलांडणाऱ्या शत्रूला सरळ धावत दरवाजावर धडक देता येत नसे.

शत्रूला नुसते अडवणे हे खंदकाचे एकमेव काम नव्हते. तटाला शिडी लावायची तर ती खंदकाच्या तळापासून लावावी लागे, त्यामुळे तटाची उंची आपोआप वाढे. हत्तीने दरवाजा फोडण्यासही मोकळी जागा उरत नसे. तोफांच्या काळात आणखी एक उपयोग महत्त्वाचा ठरला. तट पाडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जमिनीखालून भुयार खणून तटाखाली सुरुंग उडवणे. खोल खंदक असल्यास भुयार त्याहून खाली न्यावे लागे, आणि खंदकात पाणी असल्यास ते भुयारात झिरपण्याची भीती असे. म्हणूनच वेढा घालणारे सैन्य बहुधा प्रथम खंदकातील पाणी काढून देण्याचा किंवा माती, गवताच्या पेंढ्या व झाडांच्या फांद्या टाकून खंदक भरून काढण्याचा प्रयत्न करी.

खोदकामासाठी लागणारे मनुष्यबळ मोठे होते. माती व दगडाची कामे परंपरेने वडार व बेलदार समाजांकडे होती. त्यांच्या जोडीला आसपासच्या गावांतून वेठीने माणसे आणली जात. किल्ला बांधणाऱ्या सुलतानाचे किंवा सरदाराचे नाव शिलालेखात कोरले जाई; खंदक खणणाऱ्यांची नावे मात्र कोठेही नाहीत.

पाण्याचा प्रश्न

दख्खनच्या पठारावर बारमाही पाण्याचा खंदक राखणे अवघड आहे. काळ्या बेसाल्ट खडकावर काही फूट मुरूम आणि त्यावर काळी माती अशी येथील जमीन असते. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तर मुरमातून पाणी निघून जाते. पाऊस चार महिन्यांचा आणि उरलेले आठ महिने कोरडे. त्यामुळे नुसता चर खणला तर तो पावसाळ्यात भरतो आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत आटतो. योगायोग असा की मोहिमांचा काळ दसऱ्यानंतर सुरू होई. म्हणजे खंदक जेव्हा सर्वाधिक भरलेला असे तेव्हा युद्धे कमी होत आणि तो आटत जाई तसे युद्धाचे दिवस पुढे सरकत.

यावर निरनिराळे उपाय योजले गेले. सोलापूरच्या किल्ल्याच्या एका बाजूस सिद्धेश्वर तलाव असून उरलेल्या बाजूंना खंदक आहे. कंधारच्या किल्ल्याभोवतीचा रुंद खंदक आजही बऱ्याच प्रमाणात पाणी धरून आहे आणि मराठवाड्यात पाण्याच्या खंदकाची कल्पना येण्यासाठी तो सर्वांत चांगला नमुना ठरतो. अकोला जिल्ह्यातील बाळापूरचा किल्ला मन व म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ असून पावसाळ्यात पूर आला की नद्यांच्या पाण्याने तो जवळजवळ वेढला जातो. एलिचपूरच्या नवाबाने, इस्माईलखानाने, तो इ.स. १७५७ मध्ये पूर्ण केला. नळदुर्ग येथे तर बोरी नदीच किल्ल्याच्या संरक्षणात गुंफली आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, इ.स. १६१३ च्या सुमारास, नदीवर बंधारा घालून मुख्य किल्ला शेजारच्या रणमंडळाशी जोडण्यात आला. बंधाऱ्याच्या पोटात असलेला पाणीमहाल आणि त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे पाहण्यासाठी आज पावसाळ्यात गर्दी होते. बंधाऱ्यामागे साठणारे पाणी हा किल्ल्याच्या बचावाचा भाग होता, ही गोष्ट त्या गर्दीत मागे पडते.

देवगिरी अर्थात दौलताबाद येथे प्रश्न पूर्णपणे वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तेथे बालेकिल्ल्याच्या डोंगराच्या बाजू तासून उभ्या केल्या असून पायथ्याशी अखंड खडकात खंदक कोरलेला आहे. शाहजहानच्या दरबारातील इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्याची रुंदी ४० गज व खोली ३० गज अशी नोंदवली आहे. खंदक ओलांडण्याची वाट एकच आणि तीही पुढे अंधाऱ्या भुयारी मार्गात शिरते. तरीही हा किल्ला इ.स. १६३३ मध्ये महाबतखानाच्या हाती पडला. बाहेरच्या कोटांना सुरुंगांनी खिंडारे पडली आणि आतील अन्न संपले. कोरलेल्या खंदकाचा उपासमारीपुढे उपयोग नव्हता.

वेढ्यांमधील खंदक

अहमदनगर: किल्ल्याचे पहिले बांधकाम मलिक अहमद निजामशहाच्या काळातील असून हुसेन निजामशहाने इ.स. १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधून काढला. सुमारे ३० मीटर रुंद खंदक हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य आहे. इ.स. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुराद याच्या सैन्याने वेढा घातला असता मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. चांदबीबीच्या लोकांनी आतून उलट भुयारे खणून त्यांतील काही निकामी केले. एक सुरुंग उडून खिंडार पडलेच, पण ते रातोरात बुजवण्यात आले. किल्ला अखेर इ.स. १६०० मध्ये मोगलांकडे गेला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी तो आर्थर वेलस्ली याच्या फौजेने शिंद्यांकडून घेतला. पुढे ब्रिटिशांनी त्याचा तुरुंग म्हणून वापर केला आणि इ.स. १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू व काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य येथे कैदेत होते. बाहेरच्यांना रोखण्यासाठी खणलेला खंदक या काळात आतल्यांना रोखण्याच्या कामी आला.

चाकण (संग्रामदुर्ग): इ.स. १६६० मध्ये शायिस्ताखानाने या छोट्या भुईकोटाला वेढा दिला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने भर पावसाळ्यात पन्नासहून अधिक दिवस किल्ला लढवला. जेम्स ग्रँट डफ याने एकोणिसाव्या शतकात केलेल्या वर्णनानुसार येथील खंदक सुमारे ३० फूट रुंद व १५ फूट खोल असून त्यात पाणी केवळ उत्तरेकडे होते. मोगल सैन्याने मोर्चांपासून भुयार खणत नेऊन १४ ऑगस्ट रोजी एक बुरूज सुरुंगाने उडवला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला ताब्यात आला. संख्याबळाने कितीतरी पट मोठ्या असलेल्या सैन्याला एका लहान कोटासाठी जवळजवळ दोन महिने लागले. भुईकोट घेणे अशक्य नव्हते, पण ते महाग पडे. खंदकाचा खरा हिशेब दिवसांतच करावा लागतो.

मालेगाव: नारो शंकर राजेबहाद्दर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास मोसम नदीच्या काठी हा किल्ला बांधला. इ.स. १८१८ च्या मे महिन्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या फौजेने वेढा घातला तेव्हा आत अरब शिबंदी होती. एकामागे एक तट, रेवणी आणि खंदक अशी रचना असल्याने तोफांनी खिंडार पाडूनही आत शिरणे जमेना. मेअखेरीस केलेला हल्ला मोठ्या प्राणहानीनंतर मागे घ्यावा लागला. जूनमध्ये तोफगोळ्यांनी आतील दारूकोठारांचा स्फोट होऊन तटाचा भाग कोसळला आणि त्यानंतरच शिबंदीने किल्ला सोडला. खानदेशातील कंपनीच्या मोहिमेतील हा सर्वांत खर्चिक वेढ्यांपैकी एक होता.

मराठ्यांच्या भीतीने खणलेले खंदक हा याच इतिहासाचा दुसरा अंक आहे. इ.स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर मुंबईच्या इंग्रज वसाहतीत घबराट पसरली. तेथील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी जमवली आणि कोटाभोवती खंदक खणण्याचे काम हाती घेण्यात आले. मुंबईचा तट इ.स. १८६० च्या दशकात पाडला गेला. ‘फोर्ट’ हे भागाचे नाव तेवढे उरले. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे कलकत्त्यातही इ.स. १७४२ मध्ये ‘मराठा डिच’ या नावाने ओळखला गेलेला खंदक खोदण्यास सुरुवात झाली. तो पूर्ण झालाच नाही आणि पुढे बुजवून त्यावर रस्ता करण्यात आला.

गढी

गढी म्हणजे गावातील वतनदाराचे तटबंदीयुक्त निवासस्थान. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि अहिल्यानगर-सोलापूर पट्ट्यात अशा गढ्या मोठ्या संख्येने होत्या. खालचे काही थर दगडाचे आणि वरचे बांधकाम पांढऱ्या मातीचे, चार कोपऱ्यांना बुरूज, एकच मोठा दरवाजा, आत चौसोपी वाडा, विहीर व धान्याची पेवे, असे तिचे स्वरूप असे. वसूल झालेला सारा, धान्य आणि प्रसंगी गावातील माणसे व जनावरे यांना पेंढारी किंवा परचक्रापासून आसरा देणे हे तिचे काम होते. त्याचबरोबर वतनदाराचा गावावरील वचक दाखवणारी ती वास्तू होती. गढीचा दरवाजा गावाला संरक्षण देई, तसाच सारा थकवणाऱ्याला दहशतही घाली.

मोठ्या गढ्यांना खंदक असे, लहान गढ्यांना बहुधा नसे. ज्या गढ्यांभोवती तो होता तेथेही तो अरुंद असून मुख्यतः भिंतीसाठी लागणारी माती काढल्याने तयार झालेला असे. जळगाव जिल्ह्यातील पारोळा येथील किल्ला हे जहागीरदारी निवास आणि भुईकोट यांच्या सीमेवरचे उदाहरण म्हणता येईल. हरी सदाशिव दामोदर यांनी तो इ.स. १७२७ मध्ये बांधला व त्याभोवती खंदक आहे. याउलट पुण्याचा शनिवारवाडा (इ.स. १७३०-३२) तट-बुरुजांनी बंदिस्त असला तरी त्यास खंदक नाही. पेशव्यांचे निवासस्थान म्हणजे शहराच्या मध्यभागी असलेला वाडा होता, वेढा सोसण्यासाठी बांधलेला कोट नव्हे.

शहापूर व मुरबाड परिसर

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुके, म्हणजे भातसानगर, आसनगाव, टोकावडे हा भाग, खंदकांच्या नकाशावर जवळजवळ कोरा आहे आणि त्यामागील कारणे बोधप्रद आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या प्रदेशात माहुली, सिद्धगड, गोरखगड असे डोंगरी किल्ले असून तेथे खंदकाचे काम उभा कडा करतो. माहुलीच्या मुख्य डोंगराच्या उत्तरेस पळसगड व दक्षिणेस भंडारगड आहे आणि त्यांच्यामधील खिंडी हेच तेथील नैसर्गिक खंदक होत. निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजांनी याच गडाचा आश्रय घेतला होता आणि इ.स. १६३६ मध्ये तो मोगलांना द्यावा लागला. इ.स. १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या किल्ल्यांत माहुली होता व इ.स. १६७० मध्ये तो स्वराज्यात परत आला.

सपाटीवरही येथे खंदकाची निकड कमी होती. जून ते सप्टेंबर या काळात पडणाऱ्या सुमारे अडीच हजार मिलिमीटर पावसात भाताची खाचरे, ओढे आणि नद्या मिळून सारा मुलूख घोडदळासाठी दुर्गम होई, आणि उन्हाळ्यात कातळात चर खणणे कष्टाचे होते. कोकण किनाऱ्यावर मात्र चित्र बदलते. वसईच्या कोटाला पाण्याचे वेष्टन लाभले आहे, तर जयगडसारख्या सड्यावरील किल्ल्यांना जमिनीकडील बाजूने खडकात खंदक खोदावा लागला. तेथे तीन बाजू समुद्राच्या किंवा खाडीच्या आणि चौथी माणसाने केलेली, असा साधा हिशेब दिसतो.

इंग्लंडमधील खंदकवेष्टित घरांशी तुलना

खंदकवेष्टित निवास हा प्रकार इंग्लंडमध्ये विलक्षण प्रमाणात आढळतो. तेथे अशा ५,००० हून अधिक जागांची नोंद असून बहुतेक इ.स. १२५० ते १३५० या काळातील आहेत. सफक व एसेक्स परगण्यांच्या चिकणमातीच्या पट्ट्यात त्यांची दाटी सर्वाधिक आहे. बऱ्याच ठिकाणी घर नाहीसे झाले असून शेतात चौकोनी ओटा आणि भोवतीचा पाण्याचा किंवा आटलेला चर एवढेच उरले आहे. केंटमधील आयथम मोट यांसारखी काही घरे मात्र आजही पाण्याच्या मधोमध उभी आहेत.

हे खंदक किल्ल्यांचे नसून जमीनदार, सधन शेतकरी आणि मठ यांच्या घरांचे होते. त्यांचा तट बहुधा नव्हताच. चोर व भटकी जनावरे रोखणे, ओल्या जमिनीतील पाणी काढणे, मासे पाळणे, आग लागल्यास पाणी हाताशी असणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरदारांच्या किल्ल्यांची नक्कल करून प्रतिष्ठा मिरवणे, ही त्यांमागची कारणे मानली जातात. चिकणमातीत खणलेला चर न बांधताही पाणी धरतो, त्यामुळे मध्यम ऐपतीच्या माणसालाही तो परवडे. दख्खनमध्ये हीच हौस पांढऱ्या मातीच्या उंच भिंतीने आणि नगारखान्याच्या दरवाजाने भागवली गेली. दोन्हीकडे मिरवण्याची इच्छा सारखी होती. जमिनीखालील थर वेगळे होते.

सद्यस्थिती व संवर्धन

तट पडायला शतके लागतात, पण खंदक एका पिढीत बुजतो. खंदकाला भिंतीसारखे दृश्य अस्तित्व नसल्याने तो रिकामी, पडीक जागा मानला जातो. गावातील राडारोडा व कचरा त्यात टाकला जातो, सांडपाणी सोडले जाते आणि जमीन सपाट झाल्यावर त्यावर दुकाने, वाहनतळ किंवा घरे उभी राहतात. चाकणमध्ये औद्योगिक वाढीबरोबर वस्ती तटाला येऊन भिडली असून खंदकाचे काही भागच आज ओळखता येतात. गढ्यांच्या बाबतीत हानी दुहेरी आहे. पांढरी माती शेतात खत म्हणून आणि धाब्याच्या छपरासाठी उपयोगी असल्याने गावकरी ती खणून नेतात व भिंत खचते, तिकडे खंदक भिंतीच्याच मातीने भरतो.

कायद्याच्या दृष्टीने केंद्राचा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ आणि राज्याचा याच विषयावरील १९६० चा अधिनियम लागू होतात. केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. हे अंतर संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजले जात असल्याने ती सीमा तटाशी संपते की खंदकाच्या बाहेरील काठाशी, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. बहुसंख्य गढ्या खासगी मालकीच्या असून कोणत्याही यादीत नाहीत. त्यांना हे कायदे लागूच होत नाहीत.

खंदकातील गाळ हा पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाचा असतो. फुटकी भांडी, नाणी, तोफगोळे, धान्याचे व वनस्पतींचे अवशेष थरांच्या क्रमाने त्यात साठतात आणि ओल टिकून असल्यास लाकूड व चामडेही शिल्लक राहू शकते. इंग्लंडमधील अशा जागांच्या उत्खननांतून तेथील मध्ययुगीन आहार व शेतीविषयी बरीच माहिती मिळाली. महाराष्ट्रात सुशोभीकरणासाठी किंवा पाणी साठवण्यासाठी यंत्राने गाळ उपसला जातो तेव्हा हे थर एकत्र कालवले जातात आणि तो गाळ ट्रॅक्टरने शेतात पसरला जातो.